झाड पडलं, आवाज वाढला. पण मीटर वेगळंच सांगतंय

गल्लीतला_माणूस | 9 जून, रात्री 10.42

मंडळी, विषय जरा विचित्र आहे. आधी पूर्ण वाचा, मग हसा.

आमचं घर कोल्हापुरात, सायबर चौकाकडून येणाऱ्या रस्त्याला लागून आहे. वरच्या मजल्यावर गॅलरी आणि गॅलरीसमोर रेन ट्री, माझ्या जन्माआधीपासूनचा. मे महिन्यातल्या वळवात तो आडवा झाला. कुणाला लागलं नाही, एक स्कूटर तेवढी चेपली (माझीच). दोन दिवसांत लाकूड उचलून झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा गॅलरीत बसले आणि म्हणाले, "आज कसला मोर्चा आहे रे? केवढा गलका चाललाय!"

मोर्चा वगैरे काही नव्हता. रोजचाच रस्ता, रोजच्याच गाड्या.

आता गंमत ऐका. आबा 79 वर्षांचे. कानाला मशीन आहे, पण सकाळी पेपर वाचताना ते काढून डबीत ठेवतात. म्हणजे ज्या माणसाला 'चहा घ्या' हे तीनदा सांगावं लागतं, त्याला रस्त्याचा आवाज वाढलेला कळला.

दुसरी गंमत. गेल्या गणपतीत डॉल्बीवरून माझी एका मंडळाच्या पोरांशी हुज्जत झाली होती. तेव्हापासून मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप आहे आणि दर रविवारी सकाळी 9 वाजता गॅलरीतून आकडा घेऊन डायरीत लिहायची सवय लागली आहे. (बायको म्हणते, हा रोग आहे.) झाड होतं तेव्हा 66 ते 69 डेसिबल. झाड गेल्यावर 67 ते 70. मोबाईलचं ॲप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पण मोबाईल तोच, खुर्ची तीच, वेळ तीच.

फरक एक डेसिबलचा, आणि घरात सगळ्यांना वाटतंय की रस्ता हॉलमध्ये आला. मलासुद्धा. झाड खरंच आवाज अडवत होतं का? की अख्ख्या घरादाराला एकदम भास व्हायला लागले?

पेठेतला_भावा | 9 जून, रात्री 11.05

भावा, आधी स्कूटरचं वाईट वाटलं.
बाकी आमच्या शिवाजी पेठेत झाड बगायचं तर रंकाळ्यावर जायला लागतंय. त्यामुळं आमाला फरक कळायचा प्रश्नच न्हाई. आबांना आमच्याकडं पाठवा चार दिस, सायबर चौक महाबळेश्वर वाटंल.

ध्वनीवेडा | 10 जून, सकाळी 7.20

नाटकांच्या आणि ऑर्केस्ट्राच्या साउंडचं काम करून माझी वीस वर्षं गेली, म्हणून थोडं बोलतो. लांबेल.

एक झाड आवाज अडवत नाही. एक रांगही अडवत नाही. आवाज हा हवेतून वाकून, वळून, फटीतून येतो आणि झाड म्हणजे सगळ्या फटीच. रस्ता आणि घर यांच्यामध्ये साधारण 30 मीटर रुंद, खालपासून वरपर्यंत गच्च झाडी असेल तर 5 ते 8 डेसिबल उतरतात. 60 मीटर गच्च जंगल असेल तर 10 पर्यंत. कोल्हापुरात रस्त्याकडेला 60 मीटर जंगल कुणाच्या दारात आहे? न्यू पॅलेसवाल्यांना विचारावं लागेल.

पानं अडवतात ते बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतले आवाज. 4000 हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेआठ सेंटिमीटरची. पानं, डहाळ्या त्याच मापाच्या, म्हणून तो आवाज त्यांच्यावर आपटून विखुरतो. 50 हर्ट्झचा डॉल्बीचा ठोका घ्या. त्याची लाट जवळजवळ 7 मीटर. त्याच्यापुढे तुमचा रेन ट्री म्हणजे वाऱ्यापुढे जाळी. त्यामुळे डॉल्बीला झाड हा उपाय कुणी सांगत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आणि डेसिबलचा हिशोब साधा बेरजेचा नसतो. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या गायब केल्या तर फक्त 3 डेसिबल उतरतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल चढावे लागतात, म्हणजे दहापट गाड्या. सायबर चौकात दहापट गाड्या मावणार नाहीत, कुणी प्रयत्न करत असलं तरी. तेव्हा तुमचं मीटर खोटं बोलत नाही. जे वाढलंय ते आबांच्या कानात वाढलेलं नाही.

गल्लीतला_माणूस | 10 जून, सकाळी 8.02

म्हणजे भासच?

ध्वनीवेडा | 10 जून, सकाळी 8.15

'भास' म्हटलं की माणूस खोटा पडतो. तसं मी म्हणत नाही. थिएटरात आम्ही हे रोज बघतो. स्पीकर प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभा केला की "आवाज फार आहे हो" अशी तक्रार येते. तोच पडद्यामागे ढकलला, बटण जिथल्या तिथे, की तक्रार बंद. डोळे ऐकण्यात लुडबुड करतात.

बॉटनीवाल्या_बाई | 10 जून, दुपारी 1.30

रेन ट्री गेल्याचं वाचून वाईट वाटलं. मूळचा तो दक्षिण अमेरिकेकडचा, पण आता इतका आपला झालाय की परका म्हणवत नाही. संध्याकाळी पानं मिटतो, तेही बघायचं राहिलं असेल आता.

ध्वनीवेडा यांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यावर बाहेर बराच अभ्यास झालाय. बेल्जियममधल्या गेंट शहरात वर्दळीच्या रिंगरोडवर राहणाऱ्यांना संशोधकांनी घरी जाऊन विचारलं. 2016 साली ते प्रसिद्ध झालं. रस्त्याच्या बाजूला घरांच्या भिंतीशी आवाज सरासरी 73 डेसिबलच्या आसपास, म्हणजे तुमच्या गॅलरीपेक्षा जास्तच. दिवाणखान्याच्या खिडकीतून हिरवं काहीच दिसत नाही, अशांना आवाजाचा बऱ्यापैकी त्रास होण्याची शक्यता 34 टक्के. खिडकीतून भरपूर हिरवं दिसतं, अशांना 8 टक्के. स्वीडनमध्ये गोटेनबर्गला 2007 साली आणि हाँगकाँगला 2010 साली झालेल्या अभ्यासांतही दिशा हीच होती.

का होतं, याची कारणं एकच एक नाहीत. हिरवं बघितल्यावर मन सैलावतं, मग त्याच आवाजाला ते कमी भांडतं, हे एक. आवाज करणारी वस्तू अर्धवट झाकली जाते, हे दुसरं. पानांची सळसळ आणि पाखरं यांचा स्वतःचा आवाज असतो, तो गाड्यांच्या आवाजात मिसळतो, हे तिसरं. माझ्या मते तुमच्याकडे तिन्ही एका दुपारी गेली.

एक विचारू का? झाड गेल्यावर बुंध्याच्या जागेचं काय केलंत?

गल्लीतला_माणूस | 10 जून, दुपारी 2.10

बाई, चोरी पकडलीत. खड्डा बुजवून पेव्हर ब्लॉक घातले. गाडी लावायला जागा झाली. (नव्या स्कूटरला.)

बॉटनीवाल्या_बाई | 10 जून, दुपारी 2.25

वाटलंच. झाडाखालची भुसभुशीत, पाचोळ्याची माती आवाज पिते. खोड आणि पानं यांच्यापेक्षा कधी कधी तीच जास्त काम करते. ब्लॉक आवाज परत फेकतात. तुमचा जो एक डेसिबल वाढलाय, तो झाडाच्या खात्यावर न टाकता ब्लॉकच्या खात्यावर टाका.

पेठेतला_भावा | 10 जून, दुपारी 2.31

शेवटी स्कूटरच दोषी निघाली.

शंकेखोर | 10 जून, रात्री 9.50

सगळे एकमेकांना होय होय म्हणताहेत, म्हणून मी नाही म्हणायला आलो.

खिडकीतून झाड दिसणारी घरं कुणाची? नागाळा पार्कातल्या बंगल्यांची, की लक्ष्मीपुरीत दुकानावर राहणाऱ्याची? ज्याच्या दारात झाड, त्याच्या दारात जागा, जाड भिंती, चांगल्या खिडक्या, पगार आणि एकूण आयुष्यात कमी कटकट. त्याला आवाजाचा त्रास कमी वाटला तर श्रेय झाडाला द्यायचं की सातबाऱ्याला?

दुसरं. ब्रिटनमध्ये 1999 साली एक अभ्यास झाला, त्यात उलटं निघालं. झाडांच्या पडद्याआड रस्ता लपला होता तिथे ऐकणाऱ्यांना तोच आवाज जास्त वाटला. मग गेंटचं खरं की हे?

ताराबाई_पार्कातली | 10 जून, रात्री 10.20

शंकेखोर, तुमचं दुसरं मला पटतं, कारण ते मी रोज भोगतो. (हो, मी बाईच आहे. आम्ही कोल्हापूरच्या, येतो-जातोच म्हणणार.)

आमच्या सोसायटीला रस्त्याच्या बाजूने खोट्या अशोकाची रांग आहे, उंच आणि इतकी दाट की पलीकडचं काही दिसत नाही. बिल्डरने 'ग्रीन बॅरिअर' म्हणून विकली होती. रस्ता दिसत नाही त्यामुळे गाडी येताना कळत नाही, आणि एकदम कानाशी हॉर्न वाजतो. दरवेळी दचकतो. त्यात ती फटाका सायलेन्सरची बुलेट गेली की हातातला चहा सांडतो. माहेरी मंगळवार पेठेत खिडकीतून रस्ता सरळ दिसायचा, बुलेट येतेय हे आधी दिसायचं, मनात दोन शिव्या देऊन तयार राहायचो. आवाज जास्त, पण दचकणं कमी.

ध्वनीवेडा | 10 जून, रात्री 10.48

ही गोष्ट लाखातली बोललात. 1976 साली अमेरिकेत असा प्रयोग झाला होता. मध्ये वेगवेगळे अडथळे ठेवून लोकांना आवाज ऐकवले. आवाजाचा उगम थोडासा झाकला तेव्हा तो कमी वाटला, आणि पूर्ण लपवला तेव्हा जास्त वाटला. कारण पूर्ण आड म्हटल्यावर मेंदू धरून चालतो की आता आवाज बराच उतरणार. झाडांच्या रांगेने तो उतरत नाही. अपेक्षा मोडली की माणूस चिडतो.

तेव्हा गेंट आणि ब्रिटन एकमेकांविरुद्ध आहेतच असं नाही. पानांतून तुकड्या-तुकड्यांत दिसणारा रस्ता वेगळा आणि हिरव्या भिंतीमागे गडप झालेला रस्ता वेगळा. तुमचा अशोक भिंत आहे. गल्लीतला_माणूस यांचा रेन ट्री छत्री होता. खालून रस्ता दिसत असणार, बरोबर?

गल्लीतला_माणूस | 10 जून, रात्री 11.00

अगदी बरोबर. आबांना खालून जाणाऱ्यांचे पाय आणि चाकं दिसायची, वरचा भाग फांद्यांत. "पायांवरून माणूस ओळखतो" ही त्यांची फुशारकी होती.

तांबट_पाहणारा | 11 जून, सकाळी 6.40

पक्ष्यांचं राहिलं, म्हणून लिहितो.

मी रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातो. तिथे मोर ओरडतो. कधी जवळून ऐकलाय? कर्कश या शब्दाला लाज वाटेल असा ओरडतो. पण फिरायला येणारा एकही माणूस कपाळाला आठ्या घालत नाही, उलट थांबतो, मोबाईल काढतो. तेवढ्याच जोराचा रिक्षाचा हॉर्न तिथे वाजला तर सगळे वळून बघतील आणि डोळ्यांनी मारतील. आवाज जिथे शोभतो तिथे तो मोठा असला तरी सलत नाही.

रेन ट्रीवर तुमच्याकडे काय काय असायचं? साळुंक्या, बुलबुल, एखादा तांबट? पाखरांचे बहुतेक आवाज गाड्यांच्या घरघरीच्या वरच्या पट्टीत असतात, 2000 हर्ट्झच्या वर. त्यामुळे ते गाड्यांचा आवाज झाकत नाहीत, पण कानाला धरायला दुसरं काहीतरी देतात. तांबट मात्र खालच्या पट्टीतला, टुक टुक टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा, म्हणून गर्दीत हरवतो. मी त्याला शोधत असतो तेव्हा रस्ता ऐकूच येत नाही. हे माझं शास्त्र.

पेठेतला_भावा | 11 जून, सकाळी 9.15

आता शंकेखोरसायबांच्या पहिल्या मुद्द्याला माझा पाठिंबा, आणि थोडा इरोध पण.

पाठिंबा ह्यासाठी की झाडाचं सुख जागंवाल्याचं. आमच्या गल्लीत रिक्षा शिरली तर सायकल बाहेर काढायला लागत्या, तिथं झाड लावू कुठं?

इरोध ह्यासाठी की जुन्या पेठंनं ह्याचा इलाज आदीच काढलाय. परडं! रस्त्याकडं दुकान न्हाईतर सोपा, मग माजघर, मग सैपाकघर, आनि मागं परडं. परड्यात आड, कडीपत्ता, शेवगा, एखादी जास्वंद. आमची आजी दिवसभर म्होरं बसायची, कोण आलं कोण गेलं सगळं बगायची, आनि दुपारी डोकं दुखाय लागलं की परड्यात जाऊन वाकळ टाकून पडायची. मिरवणूक दारावरनं गेली तरी परड्यात हलगी लांबनं आल्यावानी वाटायची. आता परड्यात खोल्या काढून भाड्यानं दिल्यात. मीबी दिलीया एक. पोटाला लागतंय.

बॉटनीवाल्या_बाई | 11 जून, सकाळी 10.05

भावा, गोटेनबर्गच्या मंडळींनी यालाच 'शांत बाजू' म्हणून वेगळं अभ्यासलंय. घराची एक बाजू जरी गोंगाटापासून वाचली, तरी माणसाला दुसऱ्या बाजूचा त्रास कमी जाणवतो. तुमच्या आजीला ते परड्यात सापडलं होतं. 'परडं' हा शब्द वाचून माझाच जीव हलला, किती वर्षांनी कुणी लिहिला.

शंकेखोर | 11 जून, रात्री 10.30

परड्याला मी विरोध करणार नाही, माझीही आजी होती.

पण मूळ शंका अजून आहे आणि ती आता मोठी झाली. समजा झाडाने त्रास कमी *वाटतो*. मग आवाज करणाऱ्याचं फावलं की! उद्या कुणीही म्हणेल, कडेने चार कुंड्या ठेवल्यात, आता हॉर्न वाजवा. नियमाप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही हद्द आहे. इस्पितळाभोवती शंभर मीटरपर्यंत दिवसा 50, रात्री 40. हे 2000 सालचे नियम आहेत. या धाग्यावर सगळे 67 ते 70 वर 'भास की सत्य' ही चर्चा करताहेत, आणि हद्द 55 आहे हे कुणी बोललंच नाही.

आणि रात्री? रात्री दोनला उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, टेप फुल्ल लावून जातो तेव्हा झाड कुणाला दिसतंय? झोपेत माणूस हिरवं बघत नाही, पण कान उघडेच असतात. रक्तदाब, झोपमोड, हृदय यांवर आवाजाचा परिणाम होतो तो मीटरवरच्या आकड्याचा. मनाला बरं वाटलं म्हणून शरीराला सूट मिळते, असं मला तरी वाटत नाही.

ध्वनीवेडा | 11 जून, रात्री 10.55

पूर्ण मान्य. मी तर म्हणेन, या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची पोस्ट. आवाज त्याच्या उगमापाशीच तोडायचा. सायलेन्सर, हॉर्न, वेग. झाड हे त्यानंतरचं.

तांबट_पाहणारा | 12 जून, सकाळी 6.55

मान्य, पण एक दुरुस्ती. 'नंतरचं' म्हणालात की आपल्याकडे ते 'कधीच नाही' होतं. सीपीआर इस्पितळाच्या गेटवर उभं राहून बघा, मग रस्ता ओलांडून टाऊन हॉलच्या बागेत जुन्या झाडांखाली बाकावर बसा. रस्ता तोच, हॉर्न तेच. तरी इस्पितळात आलेले नातेवाईक डबा खायला बागेतच येतात. त्यांना कुणी अभ्यास वाचून दाखवलेला नाही.

ताराबाई_पार्कातली | 12 जून, दुपारी 12.40

सोसायटीच्या मीटिंगमध्ये अशोक खालून विरळ करायचा विषय मांडला. दोन जण म्हणाले, "मग धूळ येईल." एक जण म्हणाला, "मग प्रायव्हसी जाईल." सेक्रेटरी म्हणाले, "पालिकेची परवानगी काढावी लागेल, झाड म्हटलं की कायदा 1975 चा." विषय पुढच्या मीटिंगला. कारंजं बसवायचं मात्र एकमताने ठरलं.

ध्वनीवेडा | 12 जून, दुपारी 1.00

कारंज्याची कल्पना वाईट नाही, पाण्याचा आवाज मुख्यतः मधल्या-वरच्या पट्ट्यांत असतो, गाड्यांचा थोडा आवाज झाकतो, खालची घरघर मात्र फारशी झाकत नाही. फक्त मोटर कुठे बसवणार ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी पाण्यापेक्षा मोटरच ऐकू येते.

गल्लीतला_माणूस | 4 ऑक्टोबर, सकाळी 10.15

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

बाईंच्या सांगण्यावरून बुंध्याच्या जागचे ब्लॉक काढले, माती भरली, बहावा लावला. तो अजून माझ्या कमरेएवढा आहे, त्याच्याकडून काही अपेक्षा नाही. गॅलरीच्या कठड्याला जाळी बांधून मधुमालती सोडली. पावसाळ्यात ती इतकी माजली की ऑगस्टअखेर अख्खी गॅलरी हिरवी. फुलचुखे यायला लागले. मी खूश, बायको खूश. ॲपवर आकडा 66 ते 69. म्हणजे ब्लॉकचा एक डेसिबल परत आला (किंवा मोबाईलची चूक, शंकेखोर, लिहू नका).

मी आणि बायको दोघांनाही रस्ता पुन्हा रस्त्यावर गेल्यासारखा वाटतोय. पोरगी म्हणते, तिला पहिल्यापासूनच काही फरक नव्हता, ती हेडफोन लावून असते.

आबा मात्र गॅलरीत बसेनात. विचारलं तर म्हणाले, "आवाज आहेच की. आणि आता कोण करतंय तेही दिसत नाही." मला लगेच ताराबाई_पार्कातली आठवल्या. मी छत्री घालवून भिंत बांधून ठेवली होती.

काल दुपारी मी घरी नसताना आबांनी बायकोची शिवणाची कात्री घेतली आणि त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर, बसल्यावर नजर जाते तेवढ्या उंचीवर, मधुमालतीला हातभर खिडकी कापली. आज सकाळी पेपर मांडीवर, मशीन डबीत, आणि आबा खिडकीतून खाली बघत बसलेले.

पेठेतला_भावा | 4 ऑक्टोबर, सकाळी 10.22

पाय वळकायला लागले का परत?

गल्लीतला_माणूस | 4 ऑक्टोबर, सकाळी 10.40

आत्ताच हाक मारून म्हणाले, "तुझा तो स्कूटरचा मेकॅनिक चाललाय बघ. बिल द्यायचं राहिलंय ना?"